धसका आणि घोर

मनुष्याच्या मनाला होणाऱ्या क्लेशांची वर्गवारी पंडितांनी हाती घेण्यापूर्वीच भाषेने करून ठेवलेली असते. मराठीत 'धसका' आणि 'घोर' असे दोन शब्द आहेत. दोहोंचा संबंध भयाशी आहे आणि दोहोंचा परिणाम शरीरावर होतो; परंतु एकाच्या जागी दुसरा घालून पाहावा म्हणजे त्यांतील अंतर तत्काळ ध्यानात येते. धसका बसतो, घोर लागतो. धसक्याला तिथी असते, वार असतो, पुष्कळदा घटकाही असते. घोर केव्हा लागला हे ज्याला लागला त्यालाही सांगता येत नाही. धसका बसलेल्या माणसाभोवती शेजारीपाजारी जमतात. घोर लागलेला माणूस जेवतो, बाजारहाट करतो, आल्यागेल्याची विचारपूस करतो, आणि त्याचे काही बिनसले आहे हे पहिल्याने ओळखते ते त्याचे शरीर. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, छातीत धडधडते. मग घरची माणसे म्हणू लागतात की हा अलीकडे फार चिडचिडा झाला आहे.

आमच्या गद्य वाङ्मयाने या दोहोंपैकी कशाचे चित्र काढले, हा प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे की, धसक्याचे चित्र आमच्या लेखकांनी वारंवार व पुष्कळदा उत्तम काढले आहे. घोराचे मात्र क्वचित. हा वाद केवळ अभिरुचीचा असता तर तो रसिकांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु ज्या दुःखाला वाङ्मयात रूप मिळत नाही, ते सुशिक्षित घरांतही दुःख म्हणून ओळखले जात नाही. आणि घोराच्या बाबतीत ओळख न पटणे हाच निम्मा अपाय होय.

वैद्यकशास्त्र या भेदापर्यंत बरेच उशिरा पोचले. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भय व क्रोध यांच्या वेळी शरीरात कोणते फेरफार होतात यावर ग्रंथ लिहिला. संकट समोर उभे राहताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींचा स्राव रक्तात उतरतो, हृदय जलद चालते, रक्तातील साखर वाढते, पचन मंदावते. लढावयाचे अथवा पळावयाचे, यासाठी सर्व सामग्री क्षणात सिद्ध होते. हे धसक्याचे शास्त्र झाले. १९३६ साली हान्स सेली यांनी 'नेचर' या विलायती नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांस थंडीत ठेवा, इजा करा, अतिश्रम घडवा किंवा विष टोचा. कारण कोणतेही असो, त्यांच्या शरीरात तेच फेरफार त्यांस आढळले. मूत्रपिंडांवरील ग्रंथी फुगतात, रोगाशी झुंजणाऱ्या ग्रंथी आक्रसतात, जठराला व्रण पडतात. त्रास चालूच राहिला तर शरीर प्रथम दचकते, मग काही काळ टिकाव धरते, आणि अखेर थकते. हे घोराचे शास्त्र होय.

पुढे १९९३ साली ब्रूस मॅकइवेन व एलियट स्टेलर यांनी या झिजेचा विचार अधिक नेमकेपणाने मांडला. शरीर प्रत्येक अडचणीशी जुळते घेते, परंतु प्रत्येक वेळी त्याची किंमत खात्यावर नावे पडते. आणि सावकाराच्या वहीप्रमाणे हे देणे चढत जाते. संकटाच्या घटकेला जे स्राव प्राण वाचवितात, तेच महिनोन्महिने रक्तात रेंगाळले म्हणजे रक्तदाब व साखर वाढविण्यास, झोप मोडण्यास, स्मरणशक्ती मंद करण्यास आणि मनाला खिन्नतेच्या गर्तेत लोटण्यास कारण होतात. या सर्वांचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर, हा रोग ज्या दिवशी काही घडते त्या दिवशी होत नाही. ज्या दिवसांत काहीच घडत नाही, त्या दिवसांत तो तयार होत असतो.

हा भेद पुस्तकी नव्हे, हे दिसावे म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, तुळजापूर तालुक्यात सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गाजवळ अणदूर हे गाव आहे. येथील खंडोबा वर्षाचे सुमारे सव्वादहा महिने अणदुरास आणि उरलेले पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास राहतो. देवालाही जेथे दोन घरे सांभाळावी लागतात, तेथे माणसांच्या ओढाताणीचे नवल ते काय! मुलूख कमी पावसाचा. बहुतेक शेती आभाळाकडे डोळे लावणारी.

या पट्ट्याचे धसके इतिहासात नोंदलेले आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेले हिंदी सैन्य नळदुर्गात शिरले, त्या दिवसाची नोंद आहे. त्यापूर्वी रझाकारांच्या अमलात, रात्री दाराशी पाऊल वाजले तर ते कोणाचे असेल या काळजीने जागून काढलेल्या रात्रींची नोंद नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून लोक निजले असता, पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी व सास्तूर या बाजूस भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. त्याची तारीख या जिल्ह्यात कोणासही विचारावी. परंतु त्यानंतर पक्क्या घराचे दार उघडे टाकून अंगणात निजणाऱ्या माणसाला पुन्हा आत निजण्याचा धीर कोणत्या तारखेला आला, हे कोणीही सांगू शकणार नाही. दुष्काळाचेही तसेच आहे. १९७२ चा दुष्काळ, २०१२ व २०१५ ची अवर्षणे यांस साल आहे, दिवस नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी शेजारच्या लातुरास आली तेव्हा तिची छायाचित्रे देशभर झळकली, कारण गाडी येणे ही घटना होती. रिकाम्या घागरीपाशी बसून राहणे ही घटना नव्हती.

आता वाङ्मयाकडे वळू. आणि तुलनेसाठी तीन कृती घेऊ. पहिली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेच्या आरंभीच एक भयंकर प्रसंग आहे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांस फाशी झाली, आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचे वेड घेतले. एखाद्या नाटककाराने या ठिकाणी फाशीचाच प्रवेश रंगविला असता. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. फाशी त्या थोडक्यात सांगतात, आणि सांगत बसतात ते धुण्याचे. काय काय धुवावे लागे, कशास शिवू नये, घरातील बायकापोरांचे त्या शुद्धतेपायी काय हाल होत, याच्या हकिगती त्या हसत हसत सांगतात. धसका बापाला बसला आणि घोर घराला लागला, हे सत्य त्यांनी एकही सिद्धान्त न मांडता दाखविले आहे.

त्यांच्या विनोदाचे मर्मही येथेच आहे असे आम्हांस वाटते. धसक्यावर विनोद करणे क्रूरपणाचे ठरते. घोर मात्र रोज तोच तोच असल्यामुळे त्यात एक प्रकारचे हास्यास्पदत्व येते, आणि ते ओळखणारा मनुष्य त्याखाली चिरडून जात नाही. ज्या बाईने हे घर आतून पाहिले होते तिलाच ते दिसले. ओटीवर बसून लिहिणाऱ्यास दिसले नसते.

दुसरी कृती याच जिल्ह्यात जन्मलेल्या भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा. शालेय पाठ्यपुस्तकामुळे ती आमच्या बहुतेक वाचकांच्या मुलांस परिचित असेल. बाप व मुलगा टोमॅटो घेऊन बाजारास जातात. भाव मिळत नाही. आणि अखेर बाप आपल्याच हातांनी पिकविलेला माल पायांखाली तुडवितो. ही कथा थोर आहे याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ती कशी वाचली जाते याविषयी आमची तक्रार आहे. शाळेत प्रश्न विचारला जातो तो तुडविण्याविषयी. रसिकांच्या बोलण्यात राहतो तो लाल रंग. कथेचे खरे बळ, आमच्या मते, त्या आधीच्या वेळात आहे. माल पुढे मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहणे, भाव उतरत असता न बोलता बसणे, आणि बापाच्या मुद्रेकडे मुलाने चोरून पाहणे, यात तो घोर आहे. शेवटी बापाचे पाय मोकळे होतात तेव्हा वाचकाचेही मन मोकळे होते. कथा मिटून आपण सुस्कारा टाकतो. पण ज्याच्या घरी पुढच्या आठवड्याच्या बाजाराला पुन्हा जावयाचे असते, त्याला हा सुस्कारा कोठला? लघुकथेचा घाटच असा आहे की घोर साठवून त्याचा एका क्षणी स्फोट करावा. त्यामुळे ती आपल्याला हलविते खरी, परंतु हा स्फोट म्हणजेच दुःख, अशी समजूतही आपल्या गळी उतरविते. अणदुराच्या बाजूच्या शंभर शेतकऱ्यांपैकी नव्व्याण्णव कधी काही तुडवीत नसतील. ते उरलेला माल घरी आणतात, आणि रात्री त्यांचे पोट दुखते.

तिसरी कृती सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी. २००२ साली ती प्रसिद्ध झाली आणि २००४ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला. तिची भूमी विदर्भाची असली तरी मराठवाड्याचा शेतकरी तिच्यात आपले घर ओळखील. आम्ही जे मागत आहो ते तिच्या नावातच आहे. एकनाथ हा शिकलेला तरुण. नोकरीसाठी द्यावयास पैसा नाही म्हणून तो शेतीत अडकलेला. बाप सुभानराव, आई शेवंतामाय, भाऊ मधू आणि शहरातून आलेली पत्नी अलका. या घरात तेच तेच कर्ज, तेच तेच भांडण, तेच तेच आभाळाकडे पाहणे चालते. कादंबरी पुनरुक्त आहे असा आक्षेप कोणी घेतल्यास आम्ही म्हणू की, पुनरुक्ती हाच येथे तिचा घाट आहे. बारा महिने चालणारे दुःख एका प्रकरणात आटोपणे हे कसब ठरले असते; सत्य नव्हे.

तथापि दोन दोष आम्हांस दिसतात. पात्रे जेव्हा शेतीच्या अर्थकारणावर सविस्तर बोलू लागतात, तेव्हा घोर एकाएकी हलका होतो. ज्याला आपले दुःख इतक्या सुसंगतपणे मांडता येते त्याला रात्री बरी झोप लागत असली पाहिजे, असा विचार मनात येतो. घोराचे लक्षणच असे की तो जिभेशी येत नाही. तो पाठीत, पोटात आणि कपाळात बसतो. दुसरा दोष लेखकाचा निम्मा आणि वाचकांचा निम्मा. अलकेची चिडचिड आपण स्वभावदोष म्हणून वाचतो आणि एकनाथाची चिडचिड परिस्थितीचा परिणाम म्हणून. घर एक, कर्ज एक, उपास एक. मग पुरुषाचा तो ताण आणि बाईचा तो कजागपणा, हा न्याय कोठला? चांगल्या सुशिक्षित कुटुंबांतही हाच न्याय चालतो, म्हणून या ठिकाणी आम्ही थोडे रेंगाळलो.

येथवर वाङ्मयाचे झाले. परंतु अखेरच्या पानावर दृष्टी ठेवण्याची ही सवय एकट्या वाङ्मयाची नाही. महाराष्ट्र शासनाने २००६ साली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याची रीत घातली. त्यासाठी जिल्ह्यात समिती बसते. कर्ज थकले होते काय, जमीन कोणाच्या नावावर होती, हे पाहून ती प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरविते. साहाय्याची निंदा आम्हांस करावयाची नाही. ज्या घराचा आधार गेला त्याला ते हवेच. पण शब्दाकडे पाहावे. मनुष्य मेल्यावर 'पात्र' होतो, हे जसे सरकारच्या दप्तरात तसेच कथाकाराच्या वहीत. जिवंतपणी वीस वर्षे तो जे सोशीत होता त्याला तेथे रकाना नाही आणि येथे प्रकरण नाही. दोघांनीही एकाच नाट्यशास्त्राचे अध्ययन केले आहे असे म्हणावे लागते.

आणि त्या वीस वर्षांत मनुष्याचे काय होते? तमिळनाडूतील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या पत्रात प्रसिद्ध झाला. ऊस तोडण्यापूर्वी, हात आखडलेला असताना, आणि तोडीनंतर, पैसा हाती आल्यावर, अशा दोन वेळी त्याच माणसांस बुद्धीची कोडी घातली गेली. तोडीपूर्वी त्यांची कामगिरी कमी भरली. मनुष्य तोच, डोके तेच. त्यातील बराचसा भाग काळजीने अडविलेला. खेडुताच्या अविचारावर लेख लिहिणाऱ्या आमच्या विद्वानांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा. ज्याला अविचार म्हणतात तो पुष्कळदा जागा न उरल्याचा परिणाम असतो.

अलीकडे खेड्यापर्यंत 'टेन्शन' हा इंग्रजी शब्द पोचला आहे. भाषाशुद्धीचे अभिमानी त्यावर रागावतात. आम्ही त्याचा निवाडा जरा वेगळ्या रीतीने करू. या शब्दाने एक उपकार केला. मनाच्या दुखण्याला 'वेड' याखेरीज नाव नव्हते, आणि ते नाव लाजिरवाणे होते. 'टेन्शन आहे' असे मात्र पुरुषालाही चारचौघांत म्हणता येते. पण त्याने एक अपकारही केला. परीक्षेच्या विद्यार्थ्याचे ते टेन्शन, गाडी चुकल्याचे ते टेन्शन, आणि दहा वर्षांच्या कर्जाचे तेही टेन्शन! धसका घेणे, घोर लागणे, हाय खाणे, कुढणे, झुरणे, खंगणे, या शब्दांत आजाराच्या पायऱ्या होत्या. कुढणारा अद्याप बोलता करता येतो; खंगलेल्याला वैद्याकडे न्यावे लागते. या पायऱ्या पुसल्या गेल्या तर कोणत्या पायरीवर हात द्यावयाचा हे कळणार कसे?

कारण हात देता येतो, हे आता सिद्ध झाले आहे. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम चालविण्यात आला. गावातीलच माणसांस शिकवून, त्यांनी घरोघर जाऊन बोलावे, ऐकावे आणि गरज पडेल त्याला पुढे धाडावे, अशी त्याची रीत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे, खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. खुद्द अणदुरात डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील बायकांस आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. त्यामागील तत्त्व आमच्या विषयाला फार जवळचे आहे. दवाखान्यातील डॉक्टर मनुष्याला पाहतो तो दुखणे आल्यानंतर. गल्लीतील बाई त्याला पाहते ती रोज. चूल केव्हा पेटत नाही, कोण ओट्यावर येईनासे झाले, हे तिला ठाऊक असते. घोराचे निदान करावयाचे तर अशाच नजरेची गरज आहे.

येथे एक आक्षेप येईल की, वाङ्मय हा काही दवाखाना नव्हे. आक्षेप रास्त आहे. शिवाय सर्व रोगांचे खापर काळजीवर फोडणेही चुकीचे. जठराच्या व्रणाचे उदाहरण घ्या. तो चिंतेनेच होतो अशी कित्येक वर्षे समजूत होती. परंतु १९८० नंतरच्या दशकात बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी त्याच्या मुळाशी बहुधा एक जंतू असतो हे दाखविले, आणि २००५ साली त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ज्याचे पोट दुखते त्याला केवळ 'काळजी करू नका' असे सांगून वाटेस लावणारा डॉक्टरही चुकतो. उलट, दुष्काळाने उत्पन्न झालेली चिंता केवळ समुपदेशनाने जाईल असे मानणे म्हणजे तहानेलेल्याला पाण्याऐवजी धीर पाजणे होय. पाणी, भाव आणि कर्ज यांचा प्रश्न त्या त्या ठिकाणीच सोडविला पाहिजे.

आम्ही लेखकांकडे औषध मागत नाही. आम्ही मागतो ती नजर. गल्लीतील त्या बाईपाशी जी नजर आहे, लक्ष्मीबाईंपाशी जी होती, ती. कोणीही न मरणारी, काहीही न तुडविणारी, पण वाचून झाल्यावर आपल्याच घरातील एखाद्या गप्प माणसाकडे पाहावयास लावणारी कथा आम्हांस हवी आहे. अशा कथेला प्रसंग कमी लागतात, धीर फार लागतो. आणि वाचकांनीही अखेरचे पान आधी उघडण्याची खोड सोडली पाहिजे. धसक्याला धावून जाणारा शेजार आमच्या समाजात पूर्वीपासून आहे. १९९३ च्या त्या पहाटेनंतर तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. घोराला मात्र अद्याप शेजार मिळालेला नाही. तो मिळवून देणे एकट्या वाङ्मयाच्या हाती नाही. पण दार कोणते ठोठवावयाचे, हे दाखविणे त्याच्या हाती खचित आहे.